नोंद क्रमांक ४१७: वठलेले

२ सप्टेंबर २०००, शनिवार

परवा निवृत्त झाले. शाल, नारळ, गुच्छ आणि ही डायरी. डायरी दिली गोपाळकृष्ण दामल्यांनी, आमच्या रेकॉर्डरूमच्या राजांनी. वर्षाचे आठ महिने उलटल्यावर डायरी भेट द्यायचं त्यांनाच सुचू शकतं. जानेवारी ते ऑगस्टच्या सगळ्या पानांवर मी आज बसून तिरप्या रेघा मारल्या. कोरी जागा सोडू नये, मागाहून कुणीही काहीही भरतं. नव्या पोरांना हे मी तेहतीस वर्षं सांगत आले.

साहेब भाषणात दोन गोष्टी बोलले, आणि दोन्ही खऱ्या होत्या. एक, सत्यशीला रणपिसेंच्या हातच्या एकाही नकाशावर खाडाखोड नाही. दोन, मोजणीच्या पथकाबरोबर उन्हातान्हात गेलेली आमच्या कचेरीतली पहिली बाई मीच. जानेवारी अठ्ठ्याऐंशी, नगर रस्त्याकडची गावं, एक जीप आणि अकरा दिवस. नकाशेवाला आजारी पडला म्हणून मला नेलं होतं. अडचणी सांगत बसले असते तर दुसऱ्याच दिवशी परत पाठवलं असतं, म्हणून एकही सांगितली नाही. एके दिवशी तर जेवायला सावलीसुद्धा मिळेना. झाड म्हणून जे काही उभं होतं त्याचं नुसतं अगडबंब खोड, वर एक पान नाही. शेवटी जीपच्या सावलीत भाकरी खाल्ली आणि हिरव्या थर्मासमधला चहा प्यायलो. तो थर्मास अजून धडधाकट आहे. माझ्या वस्तू टिकतात.

दादांची, माझ्या वडिलांची, आठवण झाली. खडकीच्या कारखान्यात कामगार होते, सहीपुरतं लिहायचे. छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेतली आणि परत आल्यावर पहिलं काम काय केलं, तर ठरत आलेलं माझं लग्न मोडून मला पुन्हा शाळेत घातलं. मी चौदा वर्षांची होते. नोकरी लागली तेव्हा म्हणाले, तुझ्या कामात लोक चूक शोधणारच आहेत, ती त्यांना सापडू द्यायची नाही. नाही सापडू दिली.

११ सप्टेंबर

हे गेल्यापासून वरची खोली भाड्याने देते. सध्या तिथे शर्मिला इंगोले राहते, अमरावतीची, वनस्पतिशास्त्रात संशोधन करते. मुलगी स्वच्छ आहे, मोठ्याने हसते. तिचा विषय एकच झाड, गोरखचिंच. आपल्या घरापासून सहा किलोमीटरवर, बायपासच्या पलीकडे एक आहे असं तिला कळलं. काकू, चला ना जी माझ्याबरोबर, टेपचं दुसरं टोक धरायला कुणीतरी पाहिजे, म्हणाली. टेपचं टोक मी धरत नाही, मोजमाप मी घेते, हे तिला रिक्षातच सांगितलं.

झाड पाहून मात्र टेप उघडायचं राहूनच गेलं. चोहीकडे प्लॉट, पत्र्याची कुंपणं, सिमेंटच्या पाइपांचे ढीग, आणि मध्ये हे. हिरवंगार, पंजाच्या बोटांसारखी पाच-पाच पानं, सावली एवढी की त्यात वरात उतरेल. घेर अकरा मीटर चाळीस सेंटिमीटर. दोनदा घेतला, दोन्ही वेळा तेवढाच आला.

झाडाखाली वेणूबाई म्हणून एक म्हातारी शेळ्या घेऊन बसते. जमीन तिच्या दिराने विकली. विकताना तिला कुणी विचारलं नाही, पण तिची झोपडी अजून कुंपणाच्या कडेला आहे. मी थर्मासच्या झाकणात चहा ओतून तिला दिला. झाकण हातात फिरवून फिरवून तिने पाहिलं, मग थर्मासकडे, मग माझ्याकडे. असा थर्मास तिने बहुतेक कधी पाहिला नसावा.

२४ सप्टेंबर, रविवार

आज शर्मिलाला जेवायला बोलावलं आणि तिने ताट गार करत मला झाडाचं कूळ सांगितलं. आधी मला विषयच आवडला नव्हता. मूळचे कुठले, हा प्रश्न मला आयुष्यभर विचारला गेलाय आणि विचारणाऱ्याला गावाचं नाव नको असतं. पण हे वेगळं निघालं.

जगात या झाडाच्या आठ जाती आहेत. सहा एकट्या मादागास्कर बेटावर, एक आफ्रिकेत, एक पार ऑस्ट्रेलियात. पूर्वी मानायचे की जमिनीचे तुकडे एकमेकांपासून दूर गेले तेव्हा ही झाडंही वाटली गेली. आता पेशींमधल्या खुणा ताडून पाहिल्यावर दिसतं की जमिनी वेगळ्या होऊन युगं लोटल्यानंतर या जाती वेगळ्या झाल्या. म्हणजे मधला समुद्र ओलांडला असणार. फळाचं कवच लाकडासारखं कठीण, पाण्यावर तरंगतं. पहिलं घर कुठलं यावर मोठमोठे लोक अजून भांडताहेत. आपल्याकडची झाडं आफ्रिकेतल्या जातीची. कुणी म्हणतं अरब व्यापाऱ्यांनी आणली, कुणी म्हणतं हबशी सैनिकांच्या बटव्यातून आली, कुणी म्हणतं लाटांवर आपली आपण. शर्मिला पानं गोळा करते ती याचाच माग काढायला.

मला हे फार आवडलं. कागद नाही, शिफारस नाही, समुद्र ओलांडून आलं, जिथे पडलं तिथे उभं राहिलं, आणि इथल्या लोकांनी त्याला थेट गोरखनाथांचं नाव दिलं. मूळ विचारणाऱ्यांना याहून चांगलं उत्तर कोण देणार?

शर्मिला म्हणाली, तिकडे काही जातींची मोजकीच झाडं उरलीत. म्हातारी झाडं दिसतात, पोरं दिसत नाहीत. ज्या मोठ्या प्राण्यांनी बिया पसरवल्या ते संपले, उगवलेलं रोप गुरं खातात. इथेही झाडाखाली एकही रोप नाही, वेणूबाईच्या शेळ्यांची कृपा. म्हणून आहे तेवढं म्हातारं झाड सांभाळणं, एवढंच हातात राहतं.

चेतन जेवताना हसत होता. माझा मुलगा, तीन वर्षं झाली सॉफ्टवेअरमध्ये. म्हणाला, आई, आमचं नवं कॅम्पस तिथेच येतंय, बायपासच्या पलीकडे. ऐकून मला अभिमानच वाटला. आजोबा कारखान्यात हमालीला होते आणि नातवाच्या कचेरीला बाग असणार.

१९ नोव्हेंबर

पानं झडायला लागली. शर्मिला म्हणते दर वर्षी झडतात, मेपर्यंत हे असंच उभं राहतं. आज निम्मं झाड उघडं होतं.

८ डिसेंबर, शुक्रवार

शर्मिला धावतच आली. खोडावर नोटीस चिकटवलीय. "नोंद क्र. ४१७, वठलेले व धोकादायक झाड काढणेबाबत." कॅम्पसचं फाटक नेमकं तिथे येतंय. परवानगी मिळालेली आहे, हरकत असल्यास लेखी द्यावी, जानेवारीत सुनावणी.

वठलेले! मी टॅक्सीच केली. झाड आता पूर्ण उघडं आहे हे खरं. फांद्या वर मुळांसारख्या पसरलेल्या. पण शर्मिलाने नखाने साल खरवडली तर आत हिरवं, ओलं. जिवंत नाही तर काय?

चेतनला सांगितलं. म्हणाला, "आई, इट्स ऑलरेडी डेड, रेकॉर्डमध्येच तसं आहे. आणि कंपनी पन्नास गुलमोहर लावणार आहे." मी म्हटलं, तुझ्या आईच्या बदल्यात पन्नास काकू आणल्या तर चालतील का? त्यावर तो टीव्ही बघायला गेला.

१२ डिसेंबर

झाडांच्या अधिकाऱ्यांना भेटले. माणूस सभ्य आहे, खुर्ची दिली. त्यांनी आमच्याच कचेरीच्या मोजणीवरून टाईप केलेली झाडांची यादी दाखवली. मोजणीचं साल १९८७-८८, क्रमांक ४१७, मोठे झाड, जात माहीत नाही, वठलेले. शर्मिलाने सालीचा हिरवा तुकडा टेबलावर ठेवला. अधिकारी म्हणाले, बाई, नोंदीतलं झाड बारा वर्षांपूर्वी मेलंय, आणि तुमचं जिवंत झाड नोंदीत नाही. मी तरी काय करू?

नोंद दुरुस्त करा, म्हटलं. तेव्हा त्यांनी मला आमचाच नियम ऐकवला. दुरुस्ती मूळ नोंद करणाऱ्यानेच करायची, लाल शाईने, एकच रेघ मारून, पूर्ण सही आणि तारखेसह. नाहीतर जुनी नोंद कायम. या नियमाचा पुठ्ठा आमच्या कचेरीच्या भिंतीवर माझ्याच अक्षरात लटकलेला आहे. मला काय शिकवताय, असं तोंडावर आलं होतं, पण नियम बरोबर होता.

म्हणजे आता तो माणूस शोधायचा. बघतेच कोण आहे तो दीडशहाणा. जिवंत झाडाला वठलेले लिहिणाऱ्याच्या हातात पेन दिलं कुणी?

१५ डिसेंबर

दामल्यांकडे गेले. अठ्ठ्याऐंशीच्या मोजणीच्या वह्या काढा, नोंद करणाऱ्याची आद्याक्षरं प्रत्येक पानावर असतात. दामले म्हणाले, वाळवी लागलीय. मी म्हटलं, वाळवीसकट आणा. म्हणाले, "रणपिसेबाई, जुन्या वह्या उघडू नयेत. धूळ नाकात जाते." मग चहा मागवला आणि चेतनच्या लग्नाचं काढलं.

यांचा आळस आता निवृत्तीपर्यंत जायचा नाही.

२० डिसेंबर

पुन्हा दामले. वही सापडत नाही म्हणाले. ज्या माणसाला रेकॉर्डरूममध्ये डोळे मिटून फिरता येतं त्याला एक वही सापडत नाही. मी चार शब्द सुनावून आले. तेहतीस वर्षांच्या ओळखीत हा माणूस माझ्याशी असा कधी वागला नव्हता. मी आता कचेरीत नाही, एवढाच काय तो फरक झाला.

२३ डिसेंबर

वेणूबाईंशी बोलले. कोण आलं होतं तेव्हा मोजायला, आठवतं का? म्हणाल्या, आलते साहेबलोक, जीपमंदी. "झाड मेलंय म्हून लिवलं अन् गेले. म्या हितंच हुते. कुणी इचारलं न्हाई. इचारलं आसतं तर सांगितलं आसतं, झोपलंय त्ये, उठल उन्हाळ्यात."

मी म्हटलं, शेजारी बाई उभी आहे, जन्म तिथे गेलाय तिचा, आणि तिला एक शब्द विचारावासा वाटला नाही! असली माणसं सरकारी पगार खातात. वेणूबाई शेळीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, वाईट नव्हती मानसं, च्या दिलता मला.

चहा दिला म्हणून काय झालं, असं मी म्हटलं, आणि थर्मासचं झाकण लावलं.

३० डिसेंबर

विचार करून करून पत्ता लागला. दत्तोबा शितोळे. त्या पथकाचा मुख्य मोजणीदार. दोन महिने तिकडेच होता. दुपारी घ्यायचा, हे सगळ्यांना माहीत होतं. चौऱ्याण्णव साली गेला. त्याच्याकडून असं होणं साहजिकच आहे. मी त्या पथकात फक्त अकरा दिवस होते आणि माझ्या नोंदी माझ्या मला माहीत आहेत.

जागा म्हणाल तर मला जागा आठवत नाहीत, नकाशे आठवतात. जानेवारीत तिथे सगळी मोकळी रानं होती. आता तिथे ओळखू येईल असं काही उरलेलंच नाही.

मेलेल्या माणसाला लाल शाई कशी धरायला लावणार? पण मी हरकतीत लिहिणार आहे, स्पष्ट. कै. दत्तोबा शितोळे यांनी कामात हयगय केली, मद्यपान करून नोंदी केल्या, तरी त्यांची नोंद ग्राह्य धरू नये. चांगल्या अक्षरात मसुदा केलाय. दामल्यांना फोन करून वाचून दाखवला. ते म्हणाले, तीन-चार दिवस थांबा, हे पत्र एवढ्यात देऊ नका.

३ जानेवारी २००१, बुधवार

नव्या वर्षाची डायरी आणली. दामले आज घरी आले. पहिल्यांदाच. पिशवीतून वही काढली आणि टेबलावर ठेवली. वाळवीचं एक छिद्रही नव्हतं. म्हणाले, दत्तोबाचा मुलगा आपल्याच कचेरीत शिपाई आहे, रणपिसेबाई. एवढंच बोलले, आणि मी चष्मा शोधत असताना निघूनही गेले.

४१७ माझ्या अक्षरात आहे.

९ जानेवारी

सहा दिवस लिहिलं नाही. कोरी पानं राहिली, राहू देत.

वही इतक्यांदा पाहिली की पान पाठ झालं. १९ जानेवारी १९८८. माझा शेंडी असलेला र, माझी सरळ शिरोरेघ. सुंदर अक्षर आहे. वठलेले. तेच ते अगडबंब खोड. त्याच्याच शेजारी जीपच्या सावलीत मी भाकरी खाल्ली होती, आणि वर एकदा बघून लिहून टाकलं होतं.

आम्ही झाडं नेहमी जानेवारीतच मोजायचो. पिकं निघालेली असतात, मोजणीची साखळी सरळ ओढता येते. पावसाळ्यात कुणी गेलंच नाही कधी. म्हणून आमच्या कचेरीला हे झाड जिवंत माहीतच नव्हतं. हे कारण खरं आहे. पण वेणूबाई तिथे उभ्या होत्या हेही खरं आहे.

१२ जानेवारी

सगळं खरं लिहायचं तर हेही लिहायला हवं की मी तीन दिवस दुसऱ्या वाटा शोधत होते. पत्रात "नजरचुकीने" लिहावं, कुणाच्या ते लिहू नये. आजारी पडावं. शर्मिलाने कुठल्या प्राध्यापकाचं पत्र आणावं. वही तर माझ्याच घरी आहे, ती हरवू शकते. हे शेवटचं मी एक रात्रभर मनात धरून होते.

चुकीची लाज आहेच. पण भीती वेगळी आहे. त्या कचेरीत पहिल्या वर्षी एक जण माझ्यामागे म्हणाला होता, यांना काय, जागा राखीव, काम आलं नाही तरी चालतं. मी वळूनही पाहिलं नाही. तेहतीस वर्षं त्याला उत्तर देत राहिले, एकेका शीटवर. आता मीच उभी राहून सांगायचं, की हो, चुकलं? तो माणूस कधीच मेला असेल, पण त्याच्यासारखे आहेत.

आणि मी काय केलं? दत्तोबाच्या माथी मारलं. का, तर तो पिणारा, त्याच्याकडून साहजिक. हे "साहजिक" मी चांगलं ओळखते. ते माझ्याबद्दल बोललं जायचं.

दादांचं वाक्य आज पहिल्यांदा अपुरं वाटलं. चूक सापडू द्यायची नाही म्हणाले. झालीच तर काय करायचं ते सांगायला विसरले, किंवा त्यांना वाटलं असेल मला कळेल.

१३ जानेवारी

शर्मिलाला आणि चेतनला एकत्र बसवून सांगितलं. शर्मिला रडायला लागली, तिला गप्प करावं लागलं. चेतन वही उघडून बघत बसला. मला वाटलं आता म्हणेल, आई, सोडून दे. म्हणाला, "सुनावणीला मी हाफ डे टाकतो. तुला रिक्षाने नाही जायचं."

मसुदा फाडला. दत्तोबाचं नाव होतं ते पान आधी.

१८ जानेवारी, गुरुवार

सुनावणी झाली. जसं झालं तसं लिहिते.

खोली भरलेली होती. बिल्डरचा इंजिनियर फोटो घेऊन आला होता, कालचेच, झाड पार उघडं. फोटो सगळ्यांच्या हातातून फिरले. पानं नाहीत, खोड पोकळ, रेकॉर्डही तेच सांगतंय, म्हणाला. मुलगा नम्र होता, चूक त्याची नव्हती. माझी होती.

मागच्या रांगेत आमच्या कचेरीतले दोघं बसले होते. दामले दाराशी उभे.

माझं नाव पुकारलं. उठताना गुडघा वाजला. मी वही टेबलावर ठेवली आणि म्हटलं, "ही नोंद माझी आहे. ती चुकीची आहे."

मागे कुणीतरी हळूच म्हणालं, खाडाखोड नाही म्हणे. मी ऐकलं आणि पुढे बोलत राहिले. कधी गेलो, का जानेवारीत गेलो, काय पाहिलं, कुणाला विचारलं नाही, सगळं. अधिकारी म्हणाले, बाई, तुमच्यासारख्या अनुभवी माणसाला झाड मेलेलं वाटलं, मग आज ते मेलेलं नाही हे आम्ही कशावरून मानायचं?

मी म्हटलं, "साहेब, आज फोटो बघून तुम्हाला जे वाटतंय तेच मला तेव्हा वाटलं. फरक इतकाच, की मी कुणाला विचारलं नाही. तुम्हाला सांगायला इथे माणसं आली आहेत."

मग शर्मिलाने सप्टेंबरचे फोटो मांडले, तारखेसकट, माझ्या मोजमापासकट. खोडाचा घेर तोच, खोडावरची गाठ तीच. साल आणली होती, ती खरवडून दाखवली. या झाडाचं लाकूड पाणी धरून ठेवतं, म्हातारपणी आतून पोकळ होतं तरी शेकडो वर्षं जगतं, हेही सांगितलं. पोरगी छान बोलली, एकदाही हसली नाही.

अधिकाऱ्यांनी वही माझ्यासमोर सरकवली आणि लाल पेन शोधायला लागले. माझ्या पर्समध्ये होतं.

"वठलेले" वर एक रेघ मारली. वर लिहिलं, "जिवंत. जात: गोरखचिंच. घेर ११.४० मी." खाली पूर्ण नाव. तेहतीस वर्षं नकाशाच्या कोपऱ्यात माझी दोन आद्याक्षरं असायची. पूर्ण सही आयुष्यात पहिल्यांदा केली, सत्यशीला यशवंत रणपिसे, आणि ती आपल्या चुकीखाली केली. रेघ सरळ आली. मला त्याचा अभिमान वाटला, खोटं कशाला लिहू?

बाहेर दामले उभे होते. मी विचारलं, तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं? म्हणाले, तुमचं अक्षर कचेरीत कुणाला ओळखू येत नाही? मग म्हणाले, डायरी भरताय ना, की नुसत्या रेघा मारताय?

२ मार्च

परवानगी रद्द झाल्याचा कागद आला. दत्तोबाच्या मुलाला भेटून आले. त्याला काहीच माहीत नव्हतं, तरी सांगितलं. पाणी आणून दिलं त्याने, आणि म्हणाला, बाबा तुमच्या अक्षराचं कौतुक करायचे.

६ मे, रविवार

चेतनने कॅम्पसचा नवा नकाशा छापून आणला. फाटक साठ फूट पूर्वेला सरकवलंय. झाडाच्या जागी संगणकाने हिरवा ठिपका काढलाय, गोल गरगरीत, आणि चार फूट चुकलाय. चेतन म्हणाला, आई, चार फुटांनी काय होतं? मी सोमवारी त्यांच्या इंजिनियरकडे जाणार आहे. चेतनने मात्र कंपनीतल्या सगळ्यांना झाडाचा फोटो पाठवलाय, खाली माझं नाव घालून. मला न विचारता. मी रागावले नाही.

२७ मे, रविवार

शर्मिलाने सांगितलं होतं म्हणून सकाळीच गेलो. पालवी फुटलीय. अजून एक थेंब पाऊस नाही, जमीन भेगाळलेली, आणि हे स्वतःच्या साठवणीतल्या पाण्यावर हिरवं व्हायला लागलंय. कुंपणापलीकडे सिमेंट कालवणारी माणसंही काम थांबवून वर बघत होती. खाली शर्मिलाने आठ रोपं लावली आहेत, गेल्या सालच्या फळातल्या बियांची. भोवती काट्यांची कुंपणं घातली ती वेणूबाईंनी, स्वतःच्याच शेळ्यांविरुद्ध.

शर्मिला पानं मोजत होती, तेवढ्यात मी वेणूबाईंना म्हटलं की एक सांगायचं राहिलंय. ते लिहून गेलेले साहेबलोक, त्यांच्यात लिहिणारी मी होते.

त्या म्हणाल्या, "ठावं हाय की. पयल्याच दिशी वळखलं. थर्मास त्योच न्हाई का?"

मी हातातल्या थर्मासकडे पाहिलं. मग विचारलं, एवढे महिने बोलला का नाहीत? मी तुमच्यासमोर त्या माणसाला काय काय म्हटलं.

वेणूबाई म्हणाल्या, "बोलले आसते तर तुमी परत आल्या आसत्या का?"

मी थर्मास उघडला. झाकण एकच आहे. आधी त्या प्यायल्या, मग मी.

घेर पुन्हा घेतला. अकरा मीटर एकेचाळीस.